सासऱ्यांचे पणजोबा सापडले त्याची गोष्ट

लग्न होऊन नॉर्थ कॅरोलायनात आले, तेव्हापासून सासऱ्यांकडून ऐकत होते की त्यांचे पणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढायला गेले ते परतलेच नाहीत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही उघडली की पिढ्यान् पिढ्या बाहेर पडतात. त्याच भरवशावर म्हटलं, मी शोधते.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, त्या युद्धातल्या सैनिकांच्या फुकट यादीत त्या नावाचे डझनभर निघाले. नाव, रेजिमेंट, हुद्दा, बस. ना गाव, ना बापाचं नाव. दोन महिने मी भलत्याच माणसामागे होते. तो गेटिसबर्गच्या लढाईत पकडला गेला, पॉइंट लुकआउटच्या कैद्यांच्या छावणीत राहिला आणि निष्ठेची शपथ घेऊन घरी गेला. त्या कागदावर उंची, डोळ्यांचा रंग, सगळं होतं. आमचा मात्र तो नव्हेच!

वाट दाखवली पणजीने. दक्षिणेच्या बंडखोर सैनिकांना केंद्र सरकार पेन्शन देत नसे, राज्यं देत. रॉलीच्या राज्य अभिलेखागारात तिचा अर्ज मिळाला. सहीच्या जागी नुसती फुली, पण पलटण स्पष्ट: ३६वी नॉर्थ कॅरोलायना.

मग सेवापत्रकाची कार्डं काढली. वॉशिंग्टनच्या कारकुनांनी १९०३ पासून जुन्या हजेरीपटांवरून उतरवलेली. पैसे भरून घरी बघता येतात, मी वाचनालयात फुकट पाहिली. आडनावात एक 'एल' जास्त, म्हणून इतके दिवस चकवा. फोर्ट फिशरला कैद, १५ जानेवारी १८६५. रवानगी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या कैद्यांच्या छावणीत. मार्चमध्ये न्यूमोनियाने मृत्यू. ही छावणी जेमतेम वर्षभर चालली, पण बारा हजार कैद्यांपैकी जवळपास तीन हजार तिथेच गेले.

त्यांना पुरलं जॉन डब्ल्यू. जोन्सने. हा १८४४ साली व्हर्जिनियातून पळून आलेला गुलाम. त्याने प्रत्येकाचं नाव, पलटण, तारीख इतकी नीट टिपून ठेवली की बेनाव कबरी अगदी मोजक्या राहिल्या. माणसाला गुलाम ठेवण्याच्या बाजूने लढलेला आमचा पूर्वज त्याच्याच वहीमुळे सापडला. हे सासऱ्यांना कसं सांगावं, हा विचार मी आठवडाभर करत होते.

एल्मायराच्या वुडलॉन सैनिकी दफनभूमीत सासऱ्यांनी टोकदार माथ्याच्या दगडावरून बोट फिरवलं. तिथेही तो जास्तीचा 'एल'. मग विचारलं, "जोन्स कुठे आहे?"

शेजारच्याच जुन्या दफनभूमीत. तिथे पोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत.