आमची वाटचाल : शांतारामबापूंच्या वाटेने आवाजाचे काम

पुण्यात आमचा ध्वनिमुद्रणाचा एक लहान स्टुडिओ आहे. चित्रपट, माहितीपट आणि लघुपट यांचे डबिंग, पार्श्वध्वनी आणि अंतिम ध्वनिमिश्रण ही आमची मुख्य कामे. व्यवसाय सुरू करताना आमच्यापाशी भांडवल बेताचेच होते आणि सल्ला देणारे कोणी जवळ नव्हते; त्यामुळे कोणते काम घ्यावे, माणसे कशी घडवावीत, यंत्र कधी विकत घ्यावे, असे प्रश्न पडले की आम्ही व्ही. शांताराम यांच्या कारकिर्दीकडे वळत आलो. दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला त्याइतकेच मोलाचे वाटते ते त्यांचे स्टुडिओ उभारणे आणि चालवणे.

१८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात जन्मलेले शांताराम राजाराम वणकुद्रे लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते, पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी काम केले आणि नंतर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते दाखल झाले. बाबूराव मूळचे चित्रकार; त्यांनी चित्रीकरणाचा कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला होता. अशा गुरूच्या हाताखाली अभिनय एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे अशी वाटणी होणे शक्यच नव्हते. शांतारामबापूंनी तिथे पडेल ते काम केले, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका केली आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’पासून ते दिग्दर्शनात आले. आमच्या स्टुडिओत नव्याने येणारा मुलगा किंवा मुलगी आधी केबल गुंडाळायला, माइक लावायला आणि मुद्रित आवाजांची नीट नोंद ठेवायला शिकते, मिश्रणाच्या टेबलापाशी नंतर बसते. ही पद्धत आम्ही त्याच परंपरेतून घेतली आहे आणि घाईच्या काळातही ती मोडलेली नाही.

१९२९ मध्ये विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिले चित्रपट मूकच होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट आल्यावर सगळा धंदाच बदलला, आणि प्रभातने पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रदर्शित केला; तोच हिंदीतही काढला. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी उचलली. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे यांना कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे आणि संवाद, गाणे, वाद्ये हे सारे चित्रीकरणाच्या वेळीच पट्टीवर उतरे. मागाहून दुरुस्तीला जवळजवळ जागाच नव्हती. आज आमच्याकडे संगणकावर हवे तितके थर चढवता येतात, तरीही चित्रीकरणाच्या जागी आवाज स्वच्छ मिळावा म्हणून निर्मात्याला आम्ही आधीच गाठतो, पंखे आणि जनित्रे कुठे ठेवायची ते ठरवतो आणि प्रत्येक ठिकाणची निव्वळ शांतता, म्हणजे त्या खोलीचा किंवा अंगणाचा स्वतःचा आवाज, वेगळी मुद्रित करून आणतो. संकलनात दोन संवादांमधली फट भरायला तोच आवाज लागतो. दुसऱ्या जागेची शांतता तिथे चालत नाही.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. आमच्या कामाची दिशा खऱ्या अर्थाने ठरवली ती १९३७ च्या ‘कुंकू’ने. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा नीरा या तरुणीची आहे. तिचे लग्न फसवून काकासाहेब या वृद्ध वकिलाशी लावले जाते आणि ती हे लग्न मनाने मान्य करण्याचे नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या भूमिका तर मोठ्या आहेतच, पण चित्रपटात पार्श्वसंगीत न वापरता प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवण्याचा शांतारामबापूंचा निर्णय आम्हाला आजही थक्क करतो. घरातले जुने घड्याळ काकासाहेबांच्या सरत्या वयाशी जोडले जाते आणि त्याची टिकटिक व्हायोलिनच्या ताफ्याहून अधिक काही सांगून जाते. बोलपट येऊन अवघी पाच-सहा वर्षे झाली होती, प्रेक्षकांना गाण्या-वाजवण्याची चटक लागली होती, आणि अशा वेळी लोकप्रिय दिग्दर्शकाने हात आखडता घेणे ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे येणारे तरुण दिग्दर्शक पुष्कळदा रिकामी जागा दिसली की संगीत मागतात. आम्ही त्यांना आधी तो प्रसंग संगीताविना ऐकवतो : वहाणांची करकर, बांगड्यांचा हलका नाद, शेजारच्या खोलीतले भांडे. फोलीसाठी, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत नव्याने करून मुद्रित करण्यासाठी, जुन्या वहाणा, पितळी भांडी, निरनिराळ्या पोताची लुगडी आणि दाराच्या कड्या आम्ही जमवल्या आहेत, आणि स्टुडिओतल्या कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा हा साठा मला अधिक प्रिय आहे.

यंत्राच्या खरेदीबाबत ‘सैरंध्री’चे उदाहरण आम्ही डोळ्यांसमोर ठेवले. १९३३ मध्ये शांतारामबापूंनी तो चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले, त्यासाठी जर्मनीतून प्रती करून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला तेव्हा तंत्र तयार होते आणि विषयही रंगांना न्याय देणारा, नृत्याचा होता. बहुदिशा ध्वनीची, म्हणजे प्रेक्षकाला चहूबाजूंनी आवाज ऐकवणारी, यंत्रणा बाजारात नवी असताना आम्ही कर्ज काढून ती बसवली नाही; आमच्या माणसांचे कान त्या कामाला सरावले आणि तसे काम दारी येऊ लागले, तेव्हाच त्यात पैसे घातले.

मतभेदांमुळे १९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. ‘शकुंतला’पासून पुढे संगीतकार वसंत देसाई त्यांच्याबरोबर होते. देसाई तरुणपणी प्रभातमध्ये मिळेल ते काम करत शिकलेले, म्हणजे राजकमलचा संगीतकार जुन्या स्टुडिओच्या तालमीतूनच तयार झाला होता. याच राजकमलमध्ये पुढे मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणाचा असा दर्जा निर्माण केला की ‘शोले’सारख्या, बाहेरच्या निर्मात्यांच्या चित्रपटांचेही मिश्रण त्यांच्या हातून झाले. दिग्दर्शकाचे कर्तृत्व मोजताना हा भाग सहसा वगळला जातो, तो वगळू नये असे मला फार वाटते. बाहेरून नावाजलेला तंत्रज्ञ आणण्याऐवजी आम्ही आपल्याच मदतनिसांना वाढवले, त्यामागे हाच विचार होता. त्यांतले काही आज स्वतंत्रपणे चित्रपटांचे मिश्रण करतात आणि अडचण आली की हक्काने विचारायला येतात.

औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची. १९५७ च्या या चित्रपटाला पुढल्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. बैलाशी झुंज चित्रित करताना बापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती, तरी ते पुन्हा कामाला उभे राहिले. नंतरच्या काळातील त्यांच्या भडक रंगांच्या चित्रपटांपेक्षा मला ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ अधिक जवळचे वाटतात, मात्र १९७२ चा ‘पिंजरा’ त्याला अपवाद आहे; राम कदम यांच्या संगीतातील ढोलकी आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या मास्तरांची मोडत जाणारी वाणी यांचा तोल आम्ही शिकाऊ मंडळींना मुद्दाम ऐकवतो. १९८५ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला आणि ३० ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

सध्या आमच्याकडे मराठी लघुपट आणि ग्रामीण भागातील माहितीपटांचे काम अधिक आहे. प्रथमच चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकांना आम्ही संहितेच्या टप्प्यावरच बोलावतो आणि कोणत्या प्रसंगात कोणता आवाज ऐकू यावा हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतो. चित्रीकरणाआधी ही यादी तयार असेल तरच मिश्रणाची तारीख देण्याचा नियम आम्ही यंदापासून लागू केला आहे.