बरणीतलं पीठ दुप्पटच

इटलीतल्या बेर्गामो शहरात मुलांना भेटवस्तू सांता क्लॉजच्या आधी सांता लुचिया, म्हणजे संत लुचिया, आणते. 13 डिसेंबरच्या आदल्या रात्री ती गाढव घेऊन येते, म्हणून घराघरात गाढवासाठी चारा ठेवतात. जागं असलेल्या मुलाच्या डोळ्यांत ती राख टाकते म्हणे! आमच्या बेकरीला त्या सकाळी 7 वाजता 18 पानेत्तोने, म्हणजे नाताळातले उंच, फुगीर गोड पाव, तयार हवे होते, एकेक किलोचे.

12 तारखेला सकाळी 6 वाजता आंबवणीच्या कपाटात पाहिलं. पहिल्या मळणीचा थोडा नमुना आम्ही रेघा मारलेल्या काचेच्या बरणीत ठेवतो. तिला 'स्पिया', म्हणजे हेर म्हणतात. दहा तासांत तो तिप्पट व्हायला हवा होता. झाला होता जेमतेम दुप्पट.

कारण रात्रीच्या वहीतच होतं. बलक आणि बटर थेट फ्रीजमधून घातलेले, त्यामुळे मळून झालेलं पीठ 26 ऐवजी 21 अंशांवर उतरलं. कपाटातली हवा 27 अंश असली तरी 12 किलोचा गोळा आतून ऊबदार व्हायला कित्येक तास लागतात. माद्रे, म्हणजे आमचं जिवंत खमीर, चांगलं होतं; आदल्या दिवशी तीनदा पीठपाणी देऊन प्रत्येक वेळी तिप्पट फुगवलेलं.

कपाट 32 वर नेण्याचा मोह झाला. पण तसं केलं की गोळ्याची कड आंबट होते, बटर सुटतं आणि मधला भाग थंडच राहतो. तसंच पुढे जावं, तर दुसऱ्या मळणीतल्या साखर-बटरच्या ओझ्याखाली अर्धवट वाढलेलं खमीर दबून जातं. मग साच्यात दहा-दहा तास काही हलत नाही. कपाट 28 वर ठेवलं आणि थांबलो. 10 वाजता नमुन्यानं तिपटीची रेघ गाठली, वर हलका फुगवटा होता. तो फुगवटा खचला असता तर मात्र उशीर झाला असता.

गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, कारण मिक्सरच्या घर्षणानं पीठ तापतं. आधी नुसतं कोरडं पीठ घालून गोळ्याला ताण आणला, मग साखर आणि बलक थोडेथोडे, मीठ, शेवटी मऊ बटर. बटर चार हप्त्यांत जातं. घाईत दोनच हप्ते केले, तर पीठ चकचकीत होऊन हुकावरून सुटलं. तापमान 25 होतं म्हणून वाचलो: मिक्सर बंद, 20 मिनिटं फ्रीज, मग मंद गतीनं पुन्हा. 29 अंशांवर सुटलेलं पीठ परत येत नाही. नंतर सव्वादोन किलो बेदाणे, पावणेदोन किलो साखरेत मुरवलेली संत्र्याची आणि सिट्रनची (जाड सालीच्या लिंबाची) साल. इटलीच्या 2005 च्या नियमानुसार पानेत्तोनेत ही फळं किमान 20 टक्के लागतात. उगाच नाही किंमत एवढी.

1,080 ग्रॅमचे गोळे कागदी साच्यात सहा तास फुगले, काठाच्या दोन सेंटिमीटर खाली आल्यावर वर फुलीची चीर, मध्ये बटरचा तुकडा, आणि 165 अंशांवर 52 मिनिटं. आठ वाजता बाहेर. लगेच बुडापासून दीड सेंटिमीटरवर दोन सळया आरपार घालून उलटे टांगले. गरम असताना आतली जाळी इतकी नाजूक असते की सरळ ठेवलेला पानेत्तोने आपल्याच वजनानं बसतो.

दहा मिनिटांत दोन खाली पडले. दोन्ही भट्टीच्या दाराजवळचे. गाभ्यात 94 अंश हवे होते, थर्मामीटरनं 88 दाखवले. मी सगळे मोजायला हवे होते. दोन-तीन मोजून समाधान मानलं.

उरलेले 16 रात्रभर लटकले. ते कोमट असताना पिशवीत घातले तर आत बाष्प धरतं आणि आठवड्यात बुरशी येते. पहाटे 6 वाजता एकेकाच्या बुडाला हात लावून पाहिला, सगळे गार. पडलेल्या दोघांचे काप करून भाजले आणि काउंटरवर चवीसाठी ठेवले. त्या संध्याकाळच्या मळणीचे बलक दुपारी 4 वाजताच बाहेर काढून ठेवले होते.