आखाजीची साडी आणि मिक्सरचं भांडं

वैशाख शुद्ध द्वितीया, रात्री (उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया)

"ताई, यंदा आखाजीला काय घेऊ?" असं मी नणंदेला तोंडावर विचारलं, ते सासूबाईंना रुचलं नाही. माहेरवाशिणीला विचारून देतात का, असं त्यांचं म्हणणं. ताई मात्र मोकळेपणाने बोलल्या, "माले साडी नको. मिक्सरचं मोठं भांडं गळतंय, तेवढं घेऊन दे." वर्षाची साडी ठरलेली, ती नेसायचा प्रसंग मात्र येत नाही. पुढे तीच कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून फिरते.

मला ताईंचं पटलं. देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिशवी उघडतानाचा चेहरा असतो. घेणाऱ्याला ती वस्तू पुढची चार वर्षं घरात वागवायची असते. गॅलक, गिव्ही आणि विल्यम्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमका हाच फरक मांडला, आणि भेटी का चुकतात याचा बराचसा उलगडा त्यातून होतो. किमतीचंही तसंच. फ्लिन आणि अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये दाखवलं की महाग भेट जास्त आवडेल असं देणाऱ्यांना वाटतं, पण घेणाऱ्यांच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध दिसत नाही. साखरपुड्याच्या अंगठ्यांबाबतही हेच आढळलं. जळगावच्या सराफ बाजारात जीव टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगून पटणं कठीण!

तरी सगळंच उपयोगावर तोलता येत नाही. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुम्हाला मिळालेल्या भेटींची तुमच्या लेखी किंमत किती? ती खर्चापेक्षा किमान १० टक्क्यांनी कमी निघाली. पण मायेचं मोल धरायचं नाही, असं त्याने आधीच बजावलं होतं. सासूबाईंनी उन्हात बसून घातलेल्या बिबड्या आणि पापड ताईंच्या डब्यात जातात, त्यातलं मायेचं मोल काढलं तर उरेल काय? ते कुणी मागत नाही, मागावं लागतही नाही. विचारायचं ते विकत आणायच्या वस्तूंबद्दल.

आहेराची वही मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. कुणी किती दिलं ते लिहायचं आणि त्यांच्या घरच्या लग्नात तेवढं, शक्य तर थोडं जास्त, परत करायचं. द्यायचं, घ्यायचं, फेडायचं: मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये जगभरच्या देवाणघेवाणीत हीच तीन बंधनं पाहिली. आमच्याकडे कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरांची लग्नं अशा वह्यांनीच तर निभावली. रोख रक्कम देणं रुक्ष, असं हल्ली म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. मांडववाला आणि आचारी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे असतात, तेव्हा वधूपित्याला भिंतीवरच्या तिसऱ्या घड्याळापेक्षा ५०१ रुपयांचं पाकीटच उपयोगी पडतं.