सराव-नोंद, पाचवा महिना: ८एशी ८ए जुळवूनही बेसूर

डीजे म्हणून दोन ट्रॅक एकमेकांत मिसळताना, लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाला हात न लावता, केवळ कानाने ती जुळवण्याचा सराव सुरूच आहे. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) आसपास ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तर दोन मिनिटांत सुमारे ९४ मिलिसेकंदांची, म्हणजे ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी तफावत पडते. दोन ट्रॅकच्या किक, म्हणजे ड्रमचे जड ठोके, फुटू लागल्याचे आता मला पहिल्या सोळा बारांतच (चार ठोक्यांचा एक बार) कळते, त्यामुळे या बाजूने समाधान आहे.

अडचण पट्टीची निघाली. पट्ट्यांना आकडा-अक्षराची घरे देणाऱ्या कॅमेलॉट चक्रावर दोन्हीकडे ८ए, म्हणजे ए मायनर, अशी नोंद असलेले दोन ट्रॅक मी निवडले: एक १२४ बीपीएमचा डीप हाउस, दुसरा १२८ बीपीएमचा टेक्नो. लय नेमकी बसली, तरीही एकाचा पॅड (लांब धरलेले सूर) आणि दुसऱ्याची बेसलाइन एकत्र येताच कानाला खुपू लागले. सॉफ्टवेअरने पट्टी चुकीची ओळखली असावी, या शंकेने दोन्ही ट्रॅक मूळ वेगात लावून पेटीवर तपासले. दोन्हींचा षड्ज पांढरी सहावरच होता.

चूक माझीच होती. की लॉक, म्हणजे वेग बदलला तरी स्वर कायम ठेवणारी सोय, लावले की ताणलेल्या किकची धार बोथट होते म्हणून मी ते बंद ठेवतो आणि मग वेगाबरोबर स्वरही सरकतो. दोन्ही ट्रॅक मधोमध १२६ वर आणले, तर हा बेसूरपणा निम्मा होईल असे वाटले होते, पण काडीचाही फरक पडला नाही. कागदावर मांडल्यावर कारण उमगले: एक सुमारे २८ सेंट (स्वरांतर मोजण्याचे एकक) चढतो, दुसरा जवळपास तेवढाच उतरतो, आणि दोघांमधले अंतर ५५ सेंटच राहते. भेटीचा वेग कोणताही ठेवा, अंतर ठरते ते १२८ आणि १२४ यांच्या गुणोत्तरावर. अर्धस्वर १०० सेंटांचा असल्याने ५५ सेंट म्हणजे दोन पट्ट्यांच्या अगदी मधली, कुठेच न बसणारी जागा.

याचा उलट अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. वेगातला ३ टक्क्यांचा फरक वाईट, पण जवळपास ६ टक्क्यांचा फरक उपयोगी, कारण तो पूर्ण अर्धस्वर देतो आणि चक्रावर ट्रॅक सात घरे पुढे जातो. म्हणून १२० बीपीएमचा १ए, म्हणजे काळी चारचा ट्रॅक, १२७ वर नेला, ५.८३ टक्के वाढीने तो ९८ सेंट चढला आणि ८एच्या ट्रॅकमध्ये असा विरघळला की मी तो जोड तीनदा वाजवून पाहिला. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलच्या वेग बदलण्याच्या ±८ टक्क्यांच्या मर्यादेतही हे सहज बसते. तबकड्यांवर वाजवणाऱ्यांना की लॉक नव्हतेच, त्यामुळे जुन्या मंडळींच्या कानांना हे गणित न मांडताच ठाऊक असणार. की लॉक सुरू असेल, तर अर्थातच १ए हा १एच राहतो आणि ही जोडी फसते.

एक टक्क्याचा, म्हणजे सुमारे १७ सेंटांचा फरक मी सध्या चालवून घेतो, मात्र निदान एका बाजूला निव्वळ तालवाद्ये असतील तरच. दोन लांब पॅड एकमेकांवर आले, तर तेवढाही जाणवतो. ट्रॅकच्या यादीत आता मूळ पट्टीशेजारी १२६ बीपीएमवर होणाऱ्या पट्टीचा रकाना भरतो आहे. ऐंशीपैकी एकतीस ट्रॅक झाले आहेत.