आंबोली घाटात 'पी'मध्ये अडकलेली ऑटोमॅटिक गाडी

पुणे, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. सावंतवाडीचे दोन दिवस मजेत गेले, त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते धबधब्याखालच्या उतारावरच्या तीन तासांबद्दल.

धुकं होतं म्हणून पार्किंग लाइट चालू ठेवून उतरलो. परत आलो तर बॅटरी पार उतरलेली. ऑटोमॅटिक धक्क्यावर चालू होत नाही. गाडी वळणावर, समोर दुसरी गाडी लावून जंप स्टार्ट द्यायलाही (म्हणजे तिच्या बॅटरीला केबल जोडून आपली चालू करायलाही) जागा नाही. पुढे वीसेक पावलांवर रस्ता रुंद होता, पण गिअरचा लिव्हर 'पी'मधून, म्हणजे चाकं अडकवणाऱ्या पार्किंगमधून, हलेना. फोन करून बोलावलेला टोचनवाला म्हणाला, "साहेब, लॉक पडलाय. कन्सोल फोडू, नाहीतर तशीच ओढतो." तशीच म्हणजे पुढची चाकं जाम ठेवून, फरपटत. अजिबात ओढू देऊ नका, गिअरबॉक्स जाईल.

कन्सोल, म्हणजे लिव्हरभोवतीचा प्लॅस्टिकचा भाग, तोही फोडायला लागत नाही. लिव्हरची खिट्टी विजेवर सुटते, म्हणून बॅटरी मेली की ती अडकते. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी नखाएवढं झाकण असतं. ते उचकटायचं, आत किल्लीचं टोक किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर दाबून धरायचा आणि ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'एन'ला, म्हणजे न्यूट्रलला, घ्यायचा. माझ्या गाडीत हे मॅन्युअलमध्ये सापडलं. घरीच बघून ठेवा, घाटात टॉर्च तोंडात धरून शोधायची वेळ आणू नका.

पण झाकणाला हात लावण्याआधी चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावा आणि हँडब्रेक पूर्ण ओढा. मी आधी 'पी' टाकून मग हँडब्रेक अर्धवट ओढला होता, त्यामुळे गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका दातावर होता. लिव्हर सुटेना. दोघांनी गाडी वर रेटली तेव्हा खट्ट आवाज करून सुटला आणि गाडी हातभर पुढे सरकून दगडावर टेकली. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. ते पूर्ण ताकदीनं दाबावं लागतं, आणि स्टिअरिंगही जड होतं. दगड नसते तर? माझे हात अजून थरथरतायत.

उतारावर थांबताना क्रम पाठ करा: ब्रेकवर पाय, 'एन', हँडब्रेक, पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग 'पी'.

हँडब्रेक बटणाचा असेल तर झाकण उघडून भागत नाही, आधी जंप स्टार्टच लागतो. जंपर केबल डिकीत हवीच. माझ्याकडे नव्हती, एका जीपवाल्या दादांनी रुंद जागी गाडी नेल्यावर त्यांच्या केबलने चालू करून दिली आणि चहाचेही पैसे घेतले नाहीत. टोचनवाल्याने मात्र काहीही न ओढता नुसतं येण्याचे 3,500 घेतले. ही सरळ लूट आहे. फोनवरच दर ठरवा, आणि चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी आहे का ते विचारा. नसेल तर येऊ नका म्हणून सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर आधी 1033 ही महामार्गाची हेल्पलाइन लावा.