पैनगंगा ओलांडताना दोन बाटल्या वाढल्या

जुन्या औषधांच्या जाहिरातींची कात्रणं मी जमवतो; त्यातल्या कळमनुरीच्या मास्तरांच्या पत्राच्या सालाचा शेवटचा आकडा एकदाचा सुटला, आणि त्याच रात्री मास्तरांचं गाव माझ्याच हातानं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच कात्रणाच्या, त्यामुळे पेढे वाटावेत की कपाळ बडवावं हे अजून ठरलेलं नाही.

जालन्याच्या रद्दीवाल्याकडची ती चोपडी आठवत असेल. कुणा अडत्याच्या जमाखर्चावर खळीनं जाहिराती डकवलेल्या, कडेला कसरीनं झालर केलेली. त्यातली मुंबईच्या शक्तिवर्धकाची जाहिरात म्हणजे ‘मास्तर’. खाली प्रशंसापत्र: शाळामास्तर, मौजे अमुक, ता. कळमनुरी, जि. परभणी. (हिंगोली जिल्हा १९९९ चा, तेव्हा सगळं परभणीतच.) तीन बाटल्यांत अन्न गोड लागू लागलं, चालताना दम लागेनासा झाला वगैरे नेहमीचं. तारीख मात्र आपल्या निजामाच्या रियासतीची, म्हणजे फसली सनाची: महिना खुर्दाद, साल १३४… आणि पुढचा आकडा छपाईच्या फुटक्या खिळ्याचा. १ म्हणा नाहीतर ९ म्हणा.

इतकंच असतं तर मी पान उलटलं असतं. पण नांदेडच्या सरांनी त्यांच्याकडचं कात्रण पाठवलं आणि झोप उडाली. तीच कंपनी, तेच पत्र, शब्दाला शब्द. फक्त मास्तरांच्या जागी शेतकरी, कळमनुरीच्या जागी पुसद, आणि तीन बाटल्यांच्या जागी पाच! सरांकडे अख्खं पान असल्यानं साल पक्कं, १९३६. म्हणजे दोघांतला एक तरी बनावट. कोण?

मास्तरांच्या पत्रात एक वाक्य आहे जे पुसदकराच्या पत्रात नाही. कलदार (म्हणजे इंग्रजी) रुपये जमवता जमवता आठवडा गेला आणि व्ही. पी. (पैसे भरून सोडवायचं टपाली पार्सल) परत जायची वेळ आली होती, अशा अर्थाचं. मला हे वाक्य औषधाच्या गुणापेक्षा लाखमोलाचं वाटतं. सहा कलदाराला सात हाली, म्हणजे निजामाचे रुपये, हा भाव. बाटली रुपयाची, म्हणजे तीन बाटल्यांना तीन कलदार, म्हणजे घरातले साडेतीन हाली, आणि वर सराफाकडे चक्कर. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात इंग्रजी नाणंच चालायचं, त्यामुळे पुसदच्या माणसाला हे रडगाणं गायचं कारणच नव्हतं. आता गिरगावात बसून जाहिरात लिहिणाऱ्याला हाली-कलदारचा ताप कशाला सुचेल? हे वाक्य व्ही. पी. सोडवलेल्या माणसाचंच.

पण हे सगळं उभं राहणार त्या फुटक्या आकड्यावर. १३४९ असेल तर मास्तर पुसदकराच्या नंतरचे, म्हणजे त्यांचं पत्रच नक्कल. १३४१ असेल तर मास्तर आधीचे.

इथं माझी एक लाज सांगून टाकतो. मागच्या वेळी मी १३४१ चं १९३१ करून दिलं होतं. ‘फसलीत ५९० मिळवा’ हे आपल्या सगळ्यांना पाठ, तेच मी केलं. चूक. रियासतीचं वर्ष आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागतं. आजूर, दै, बहमन. बहमन संपता संपता इंग्रजी साल बदलतं. खुर्दाद सातवा, साधारण एप्रिल. म्हणजे ५९१. तेव्हा १३४१ चा खुर्दाद १९३२ चा, आणि १३४९ चा १९४० चा. ज्यांनी माझ्या भरवशावर वहीत नोंदी केल्या असतील त्यांनी खोडाव्यात, आणि शिव्या मनातल्या मनात द्याव्यात.

उत्तर असेल तर पाठीमागच्या मजकुरात, आणि पाठ खळीनं चोपडीला चिकटलेली. ओला टिपकागद ठेवायचा, वीस मिनिटं थांबायचं, बांबूच्या पातळ पट्टीनं हळूहळू सोडवायचं, ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. मैद्याची खळ असेल तर ती फुगते आणि सुटते. (फेविकॉलच्या काळातलं काही असतं तर मी हातच लावला नसता.) तीन बाजू अशा सुटल्या की लोण्यातून सुरी. तेव्हाच थांबून चहा घ्यायला हवा होता. चहा घेतलाही, पण चहाची किटली समोर बघून उजव्या कडेला वाफ द्यायची बुद्धी झाली. जुना वर्तमानपत्री कागद वाफेपुढं किती टिकणार? कडेचा लगदा झाला. त्या कडेवर ‘मौजे’च्या पुढचं गाव होतं.

आणि हो, स्कॅन केलं नव्हतं. मोबाइलचा एक तिरका फोटो आहे, त्यात माझ्या अंगठ्याची सावली नेमकी गावावर. दुसऱ्यांना ‘आधी सहाशे डीपीआय, मग हात’ असं बजावणारा मीच तो.

आता गोड भाग. पाठीवर काय निघालं असेल? साबणाची जाहिरात, आणि तीही स्पर्धेची! हौशी कवींनी साबणावर चार ओळी रचून पाठवायच्या, सोबत तीन वेष्टनं जोडायची, व्यवस्थापकांचा निर्णय अखेरचा. आणि चौकटीत, ठळक टायपात, एकही खिळा न फुटलेली शेवटची तारीख: ३० जून १९३२.

झालं की! १९३२ च्या जूनअखेरीआधी छापलेल्या कागदावर १९४० चं पत्र येणं शक्यच नाही. आकडा १च. एप्रिलचं पत्र मे-जूनमध्ये छापलं, इतकं ताजं. मास्तर आधीचे. चार वर्षांनी कुणीतरी तेच पत्र काढलं, कलदाराचं वाक्य छाटलं, मास्तरांचा शेतकरी केला आणि नदी ओलांडताना दोन बाटल्या वाढवल्या. रात्री साडेबाराला मी एकटाच टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, ‘आता त्या मास्तरांना घरी जेवायलाच बोलवा.’

मास्तरांना खरंच बरं वाटलं का, हे मला ठाऊक नाही आणि आता त्याचं फारसं पडलेलंही नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये तिकडच्या गुप्त औषधांचं पृथक्करण छापलं, त्यात जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. तिथं ती गत, तर आपल्या बाटलीत काय असेल याची कल्पना करा. म्हणून दुखण्याचा मजकूर मी सोडून देतो आणि शेपूट वाचतो. पत्ता, तारीख, पैसे, टपाल. खोटं लिहिणारा दुखणं रंगवतो, व्ही. पी. सोडवायची दगदग त्याच्या डोक्यात येत नाही.

त्यामुळे अल्बमचा बेत पुन्हा मोडला. आजाराप्रमाणे पानं लावायची ठरवली होती, खोकल्याची झालीसुद्धा. आता तालुक्याप्रमाणे लावतो… लिहिता लिहिताच वाटतंय, तेही नको. पैसे कुठल्या नाण्यात दिले त्यावरून लावावं. कलदारवाले एकीकडं, हालीवाले एकीकडं. १९२० पासून हैदराबादेत बनणारं झिंदा तिलिस्मात हे औषध घरच्या बाजारातलं, त्याच्या कात्रणांत कलदाराची कुरकुर नसावी. ती सगळी पुन्हा चाळतो. आणि स्पर्धांच्या कूपनांनाही हाच नियम लावून पाहायचाय. निजामाची टपालाची टिकिटं रियासतीबाहेर चालत नव्हती, मग आपल्याकडच्या हौशी कवीनं प्रवेश फीची टिकिटं आणली कुठून?

सामानाचं थोडक्यात. पारदर्शक पाकिटं स्वस्तातली घेऊ नका, वर्षभरात चिकट होतात आणि शाई उचलतात. एका दुकानानं ‘आम्लमुक्त’ म्हणून दिलेला कागद सहा महिन्यांत पिवळा पडला. तक्रार केली तर म्हणे उन्हात ठेवला असेल. कपाटात ऊन? लॅमिनेशनचं नावही काढू नका. अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचा ‘झ’ आणि ‘ण’ पाहिला की गांगरतं, त्यापेक्षा हातानं उतरवणं लवकर होतं.

आता उरलं गाव. अंगठ्याच्या सावलीतून फोटो उजळ करून पाहिला, पहिलं अक्षर ‘शे’ किंवा ‘रो’ वाटतं. लगदा टिपकागदात दाबून ठेवलाय, वाळल्यावर भिंगाखाली घेईन. कळमनुरीकडच्या कुणाकडं याच बाटलीचं कात्रण असेल तर मास्तरांकडं बघा, आणि ते चिकटवलेलं असेल तर किटली दुसऱ्या खोलीत ठेवा. सरांना पुसदकराची पाठ बघायला सांगितलंय. ते म्हणाले, त्यांचं पान सुटंच आहे, उलटलं की झालं; चार महिने कुणाला सुचलंच नाही.