काझा द मातेउश : आधी घराची वेळ, मग बाग

काझा द मातेउश हा पोर्तुगालमधल्या व्हिला रेआल गावाजवळचा जुना वाडा. व्हिला रेआलला आता रेल्वे जात नाही. कोर्गु नदीकाठची अरुंद मार्गाची गाडी २००९ साली बंद पडली. आगगाडीने पेझु द रेगुआपर्यंत पोचता येतं, पण पुढे डोंगरातला पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता उरतोच. म्हणून मी पोर्टोहून सरळ बस धरली. अंतर १०० किलोमीटरच्या आसपास, वेळ दीडेक तास. गावातून वाडा तीन-चार किलोमीटरवर आहे. तिथवर टॅक्सी केली.

तिकिटं दोन प्रकारची : नुसती बाग, किंवा घरासकट. घर वाटाड्याबरोबरच पाहता येतं, तेही ठरलेल्या वेळी. त्यामुळे पुढची फेरी किती वाजता, हे खिडकीवरच विचारून घेतलं. आधी बागेत शिरलं की वेळेचं भान राहत नाही आणि शेवटची फेरी हुकते. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा वही जवळ असू द्या.

मधला वेळ दर्शनी तळ्यापाशी काढावा. पांढरा गिलावा, त्यावर काळपट ग्रॅनाइटच्या चौकटी, दुहेरी जिना, छपरावर टोकदार कळस. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या कामाचं श्रेय वास्तुकार निकोलाउ नासोनीला देतात. पोर्टोचा क्लेरिगुश मनोरा त्याचाच. वारा पडलेला असेल तर सगळा वाडा पाण्यात उलटा दिसतो. मात्र हे तळं वाड्याच्या काळातलं नव्हे, १९३०च्या दशकातलं आहे! मातेउश नावाच्या गुलाबी वाइनच्या बाटलीवर याच वाड्याचं चित्र असतं, पण ती वाइन इथे बनत नाही. चवीच्या आशेने आलेले हिरमुसतात.

आत मान वर ठेवा : छतं चेस्टनटच्या लाकडाची, कोरीव. पण माझ्या मते खरा ऐवज ग्रंथालयाकडे आहे. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘लुझियादश’ या महाकाव्याची १८१७ची पॅरिसमध्ये छापलेली आवृत्ती याच घराण्यातल्या दों जुझे मारियाने काढली, विकायला नव्हे, भेट द्यायला. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ज्याचा ब्राँझचा पुतळा आहे, तोच हा कवी. त्या आवृत्तीतली चित्रं ज्यांवरून छापली, ते मूळ तांब्याचे पत्रेही इथे जपलेत. पत्र्यावर चित्र उलटं कोरतात, शाई चरांत भरतात, वरची पुसून काढतात आणि ओलसर कागद दाबाखाली घालतात. समोरून पाहिलं तर चकाकीपलीकडे काही दिसत नाही. जरा बाजूला सरकून तिरपं पाहिलं की रेघा उमटतात. इथेच वाटाडे घाई करतात, म्हणून मी घोळक्याच्या पुढे राहिलो.

बाग शेवटी. सीडरच्या झाडांचा सुमारे ३५ मीटर लांबीचा बोगदा आहे, आत भर दुपारीही अंधारलेलं. बाहेरून तो छाटायला सरळ शिडी चालत नाही, टेकवली की फांद्यांत रुतते. म्हणून माळी बोगद्याच्या गोलाईइतक्याच वाकवलेल्या उंच शिड्या वापरतात.